१८१२चे युद्ध : जय कोणाचा?

इतिहासाच्या पुस्तकात युद्धाची हकीकत संपली की जेत्याचे नाव लिहिण्याची रीत आहे. विद्यार्थी ते नाव पाठ करतो आणि पान उलटतो. परंतु काही युद्धे अशी असतात की त्यांच्या शेवटी कोणाचे नाव लिहावे याविषयी जाणत्यांचेही एकमत होत नाही. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि ब्रिटन यांच्यात १८१२ ते १८१५ या काळात झालेले युद्ध त्यांपैकीच एक होय. अमेरिकन म्हणतो, आम्ही जिंकलो. कॅनडाचा नागरिक म्हणतो, आम्ही जिंकलो. सामान्य इंग्रजाला तर असे युद्ध झाल्याचे बहुधा ठाऊकही नसते. एखाद्या युद्धाचा जयापजय कोणत्या मापाने मोजावा, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी आहे. म्हणूनच त्याचा विचार येथे करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम कारणे पाहू. ब्रिटन त्या वेळी नेपोलियनशी झुंजत होते. आरमाराला खलाशी कमी पडत, म्हणून इंग्रज अधिकारी भर समुद्रात अमेरिकन जहाजे अडवून त्यांवरील माणसे बळजबरीने आपल्या सेवेत ओढून नेत. फ्रान्सशी चालणाऱ्या व्यापारावरही लंडनने कडक निर्बंध घातले होते. शिवाय पश्चिम सीमेवरील अमेरिकन वसाहतकऱ्यांना आदिवासी राष्ट्रांची भूमी हवी होती आणि काहींचा डोळा कॅनडावर होता. १८ जून १८१२ रोजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी युद्धघोषणेवर सही केली. कनिष्ठ सभागृहात ७९ विरुद्ध ४९ आणि सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ अशी मते पडली होती. म्हणजे देश दुभंगलेल्या मनानेच रणात उतरला. दैवदुर्विलास असा की अवघ्या ५ दिवसांनी, २३ जून रोजी, लंडनने ते व्यापारी निर्बंध मागे घेतले. पण ती वार्ता अटलांटिक ओलांडून येण्यास काही आठवडे लागले आणि तोवर तलवारी म्यानाबाहेर निघाल्या होत्या.

पुढे यशाचे पारडे सतत खालीवर होत राहिले. ऑगस्ट १८१२ मध्ये अमेरिकन सेनापती हल याने डेट्रॉइट शत्रूच्या स्वाधीन केले. १८१३ मध्ये अमेरिकनांनी यॉर्क, म्हणजे आजचे टोरोंटो, येथील सरकारी इमारती जाळल्या आणि ईरी सरोवरावर इंग्रजांचा ताफा जिंकला. २४ ऑगस्ट १८१४ रोजी इंग्रजांनी वॉशिंग्टनमध्ये शिरून राष्ट्राध्यक्षांच्या निवासाला आग लावली. परंतु पुढच्याच महिन्यात बॉल्टिमोरच्या किल्ल्याने त्यांना दाद दिली नाही. तो तोफांचा भडिमार पाहून फ्रान्सिस स्कॉट की याने रचलेले गीत १९३१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रगीत झाले.

अखेर २४ डिसेंबर १८१४ रोजी, नाताळच्या पूर्वसंध्येला, आजच्या बेल्जियममधील घेंट शहरी तह झाला. एकमेकांचा जिंकलेला मुलूख परत करावा आणि सीमा युद्धापूर्वी होत्या तशाच राहाव्यात, असे ठरले. ज्या खलाशांच्या पळवणुकीमुळे युद्ध पेटले, तिच्याविषयी तहात अवाक्षरही नाही. तहाचा कागद पाहिला तर कोणीच जिंकले नाही, असेच म्हणावे लागते.

मग प्रत्येकाचा दावा कशावर उभा आहे? कॅनडाचे म्हणणे असे, की शेजारी आमचा देश गिळण्यास आला होता आणि आम्ही त्याला परतवून लावले. हे खरेच आहे. ब्रिटनचे म्हणणे असे, की आम्ही काहीही सोडून दिले नाही. हेही खरे. त्यातच १८ जून १८१५ रोजी, अमेरिकेच्या युद्धघोषणेला बरोबर ३ वर्षे होत असताना, वॉटर्लूची लढाई झाली आणि इंग्रजांच्या स्मरणातून हे दूरचे युद्ध पुसले गेले.

अमेरिकेच्या दाव्याला मोठा आधार आहे तो न्यू ऑर्लिन्सचा. ८ जानेवारी १८१५ रोजी तेथे अँड्र्यू जॅक्सन याने इंग्रजांचा दारुण पराभव केला. इंग्रजांचे २,००० हून अधिक सैनिक ठार, जखमी वा कैद झाले. अमेरिकनांची हानी शंभराच्या आत होती. तह आधीच झाल्यामुळे ही लढाई व्यर्थ होती, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते पूर्णतः बरोबर नाही, कारण उभय सरकारांच्या मान्यतेनंतरच तह अमलात यायचा होता आणि वॉशिंग्टनची मान्यता फेब्रुवारीत मिळाली. मात्र रणांगणावरील कोणालाच तहाची वार्ता नव्हती, हेही तितकेच खरे.

या लढाईच्या आदल्या रात्री न्यू ऑर्लिन्सच्या उर्सुलाइन धर्मभगिनी नगरीतील स्त्रियांसह पवित्र मरियेपुढे प्रार्थनेत बसल्या होत्या. शहर वाचल्यास दरवर्षी कृतज्ञतेची मिस्सा अर्पण करू, असा नवस त्यांनी केला आणि ८ जानेवारीची ती मिस्सा आजही होते. जॅक्सन कॅथलिक नव्हता, तरीही त्याने मठात जाऊन आभार मानले. पण याच युद्धात उत्तरेकडे क्वेबेकचे बिशप जोसेफ ऑक्टेव्ह प्लेसिस आपल्या फ्रेंचभाषक कॅथलिक प्रजेला ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहण्याचे आवाहन करीत होते. ऑक्टोबर १८१३ मध्ये शातोगे येथे त्याच लोकांनी, साल्याबेरीच्या नेतृत्वाखाली, अमेरिकन सैन्य परतवले. म्हणजे एकच श्रद्धा बाळगणारी, एकच भाषा बोलणारी माणसे दोन ध्वजांखाली उभी होती आणि आपापले घर वाचल्याबद्दल दोघांनीही देवाचे आभार मानले. या उपकारस्तुतीत खोटे काही नाही. पण तिच्यावरून जेता कोण ते ठरवू गेल्यास आपण फसू.

शांततेची वार्ता पोहोचण्यास विलंब झाला, त्याची किंमत आपल्या बाजूच्या समुद्रातही मोजावी लागली. ३० जून १८१५ रोजी सुंदाच्या सामुद्रधुनीत ‘पीकॉक’ या अमेरिकन युद्धनौकेस बॉम्बे मरीनचे, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईस्थित आरमाराचे, ‘नॉटिलस’ हे लहान जहाज भेटले. तह झाला असल्याचे नॉटिलसचा अधिकारी बॉइस याने कळवले. अमेरिकन कप्तानाने तरीही ध्वज उतरविण्याची आज्ञा केली. बॉइसने नकार दिला आणि तोफा सुटल्या. काही खलाशी प्राणास मुकले, बॉइसचा पाय गेला. पुढे खात्री पटल्यावर जहाज परत करण्यात आले. या युद्धातील ही शेवटची समुद्री चकमक. तिच्यात मेलेल्यांना कोणत्या विजयाच्या खाती मांडायचे?

येथवर आपण विजेत्यांचा शोध घेतला. पराभूतांचा शोध मात्र कठीण नाही. शॉनी जमातीचा नेता टेकुम्से याने आपल्या भूमीच्या रक्षणासाठी अनेक आदिवासी राष्ट्रांना एकत्र आणून इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. ५ ऑक्टोबर १८१३ रोजी थेम्स नदीकाठच्या लढाईत तो पडला. घेंटच्या वाटाघाटीत इंग्रजांनी आदिवासींसाठी स्वतंत्र प्रदेश प्रथम मागितला, नंतर ती मागणी सोडून दिली. १८११ मधील त्यांचे हक्क त्यांना परत मिळतील असे तहाच्या नवव्या कलमात लिहिले गेले. पण ते कागदावरच राहिले. ऑगस्ट १८१४ मध्ये जॅक्सनने क्रीक राष्ट्राकडून सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन लिहून घेतली. ज्या क्रीकांनी त्याच्याच बाजूने रक्त सांडले होते, त्यांचीही जमीन त्यात गेली. हाच जॅक्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि १८३० च्या कायद्याने या लोकांना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याचा मार्ग मोकळा झाला. तहाच्या मेजाभोवती त्यांच्यापैकी एकालाही आसन नव्हते.

आणखी एक गट आहे, ज्याचे नाव विजेत्यांच्या यादीत सहसा नसते. सुमारे ४,००० कृष्णवर्णीय गुलाम मालकांकडून पळून इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि स्वतंत्र झाले. कोणी नोव्हा स्कॉशियात, कोणी त्रिनिदादमध्ये वस्ती केली. ही आमची मालमत्ता आहे, परत करा, असा तगादा अमेरिकेने लावला. अखेर १८२६ मध्ये ब्रिटनने सुमारे १२ लाख डॉलर भरपाई मान्य केली. माणसे मात्र परत केली नाहीत. या युद्धात खरोखर काही जिंकून घरी गेले असतील, तर ते हेच लोक, असे आम्हांस वाटते. आणि ते घरही त्यांना परमुलखात नव्याने बांधावे लागले.

१८१७ मध्ये दोन्ही देशांनी सरोवरांवरील युद्धनौका कमी करण्याचा करार केला आणि त्यांच्यात पुन्हा युद्ध झाले नाही. कोणी कोणाला नामोहरम केले नव्हते, म्हणून सूडाची गाठ राहिली नाही, हे या अनिर्णित युद्धाचे मोठेच फलित म्हणावे लागेल. मात्र त्या शांततेची किंमत दोघांनी मिळून तिसऱ्याकडून वसूल केली. आपली मुले इतिहासाच्या पुस्तकात जेत्याचे नाव शोधतील तेव्हा त्यांना तेथे थांबू देऊ नये. तह लिहिताना खोलीबाहेर कोण उभे होते, हेही त्यांनी विचारावे. त्याचे उत्तर ज्याला सापडेल, त्याला जेत्याचे नाव लिहिण्याची घाई उरणार नाही.