तुळजापुरात कवड्या निवडताना

बूट काढा आणि मोबाइल बंद करून खिशात ठेवा. इथे त्याचा काही उपयोग नाही. शंभर-सव्वाशे वर्षं मागे आला आहात तुम्ही. आश्विन पौर्णिमा उद्यावर आली आहे आणि काल पहाटे सोलापूरहून चालत निघालेले तुम्ही आत्ता कुठे तुळजापूरच्या वेशीत शिरता आहात. 28 मैल झाले. टाचा फुटल्यात, पोटऱ्या दगड झाल्यात, तरी थांबायची सोय नाही. मागून लोंढा येतोय आणि तो तुम्हाला उचलूनच आत नेतोय.

आधी नाकाला गाव कळतं. पेटत्या पोतांचं करपट तेल, कापूर, झेंडूचे चुरगळलेले हार, बैलांचं शेण, हजार माणसांचा घाम. त्यात भंडारा हवेत इतका उधळलाय की ओठ चाटलेत तर हळदच लागते. ऊन आश्विनातलं, म्हणजे डोक्यावर नाही तर थेट मानेवर बसणारं. गल्लीच्या टोकाला कुणी संबळ धरलाय, त्याच्या काठीचा ठोका छातीच्या हाडात वाजतो. कुणीतरी लांबून "आई राजा उदो उदो" अशी आरोळी देतं आणि अख्खी गल्ली एका घशानं उत्तर देते. तुमच्याही तोंडून उदो निघालाच.

पण आज लगेच देवळाच्या पायऱ्या उतरू नका. दसऱ्याचं सीमोल्लंघन झाल्यापासून देवी पलंगावर निजलेली आहे. श्रमनिद्रा म्हणतात या झोपेला. पौर्णिमेच्या पहाटे ती पुन्हा सिंहासनावर बसेल. तेवढ्या वेळात तुमचं काम उरकायचं आहे. कवड्यांची माळ ओवून घ्यायची, ती उद्या आईच्या पायाला लावायची आणि गळ्यात घालायची. घरचा नवस आहे.

उजव्या हाताच्या ओट्यावर एक म्हातारी गोणपाट पसरून बसली आहे. कपाळभर कुंकू, गळ्यात स्वतःची जुनी माळ, आणि पुढे कवड्यांचे ढीग. बसा तिथे. ढिगात हात घाला. एवढ्या उन्हात त्या गार लागतात ना? मूठ उचलली की खळखळ असा आवाज होतो आणि बोटांच्या फटींतून दोन-चार निसटतात.

"सांडू नकोस लेकरा," ती म्हणते. "आन् अशी मुठीनं नाही घेत कवडी. एक-एक बघ."

बघा तर मग. एक जात पिवळसर, कडेला गाठी-गाठी असलेली, जराशी वेडीवाकडी. दुसरी गुळगुळीत, पाठीवर बारीक सोनेरी कडं ओढलेली. दोन्ही समुद्राच्याच, आणि इथून समुद्र म्हणजे किती लांब! पिवळी कवडी पिढ्यान् पिढ्या मालदीवच्या बेटांवरून आली. 14व्या शतकात तिथे राहिलेल्या इब्न बतूतानं लिहून ठेवलंय की तिथले लोक कवड्या पाण्यातून काढून खड्ड्यात टाकत, आतलं मांस नाहीसं झालं की पांढरी कवडी उरे. मग गलबतं, मग बंदर, मग बैलांची पाठ आणि घाटाची चढण. समुद्र कधी न पाहिलेल्या या म्हातारीच्या बोटांना मात्र कुठली कवडी कशी मेली हे बरोबर कळतं. जिवंत असताना काढलेली अजून चकाकते. मेल्यावर किनाऱ्यावर लाटांत लोळत राहिलेली खडूसारखी निस्तेज होते. निस्तेज ती बाजूला टाकते, तुम्हीही टाका.

आता दात बघा. कवडीच्या पोटाकडे फट असते, तिच्या दोन्ही काठांना दातांची रांग. एखादाही दात तुटका असेल तर ती माळेत जात नाही. मग म्हातारी दोन कवड्या एकमेकींवर हलकेच आपटते. चांगली खणखणीत आवाज देते, चीर गेलेली बद्द वाजते. तुम्ही चार-पाच वाजवून बघितल्यात की कानाला फरक लागतो. शिकलात! घाई मात्र नको. मागे ढकलाढकली चालली असली तरी निवडीला जेवढा वेळ लागतो तेवढा लागू द्या, कारण ही माळ तुमच्या अंगावर वर्षानुवर्षं राहणार आहे.

तिच्या शेजारी पाण्यानं ओला केलेला खरबरीत दगड आहे. ती एक पिवळी कवडी पालथी धरते आणि घासायला लागते. खर्र-खर्र. दोन बोटं आणि अंगठा, मनगट जागचं हलत नाही. पिवळा थर जातो, खाली जांभळट रंग उमटतो, तोही झिजतो आणि पाठीला भोक उघडतं. पांढरी पिठी पाण्यात मिसळून दगडावरून ओघळते. कवडीचा फुगवटा गेला, आता ती सपाट झाली. दोरा फटीतून आत आणि भोकातून बाहेर. अशी कवडी छातीला चिकटून बसते, उलटत नाही आणि तिचं दातांचं तोंड कायम जगाकडे राहतं.

आणि इथेच तुमची पंचाईत होते, कारण तुम्हाला ती सोनेरी कड्याची आवडली आहे. पाठ घासली की कडं गेलं! म्हातारीला तुमच्या चेहऱ्यावरून कळलंच.

"कडं ठेवायचं असंल तर टोकांना भोकं पाडून देते," ती म्हणते. "पर मग कवडी फिरती राहती. घडीत पाठ दिसंल, घडीत तोंड. कसं करायलास?"

मला विचाराल तर पाठ घासा. कडं सुंदर आहे, मान्य. पण माळ दागिना म्हणून घ्यायची की देवीची म्हणून, हे इथेच ठरतं. शेजारी उभ्या आराध्याची, म्हणजे देवीच्या उपासकाची, माळ बघा, सगळ्या कवड्यांची तोंडं बाहेर, एकीला एक भिडलेली, मधे बोट शिरणार नाही इतकी गच्च. त्या गच्चपणातच तिचा सगळा डौल आहे.

"किती कवड्या घालू?" असं तुम्ही विचारता, आणि ती तुमच्याकडे नवलानं बघते. आकडा नाही, माप आहे. दोरा तुमच्या गळ्यात टाकून ती बेंबीपर्यंत सोडते, तिथे चिमूट धरते. एवढं भरायचं.

यावर जरा थांबू या. वारकऱ्याची जपमाळ 108 मण्यांची. मुसलमान शेजाऱ्याची तसबीह 99 मण्यांची, नाहीतर 33 ची. वसईच्या ख्रिस्ती घरात संध्याकाळी हातात येते ती रोझरी, तिच्यात दहा-दहा मण्यांचे पाच गट आणि मधे वेगळा मोठा मणी, डोळे मिटलेले असले तरी बोटाला कळावं की दशक संपलं. या माळा बोटांसाठी घडवलेल्या. मणी गुळगुळीत हवा, सरकायला जागा हवी, मोजणी चुकू नये. लाकूड घ्यावं, बी घ्यावं की काच, हे तिथे बोटांची कातडी ठरवते. कवड्यांची माळ कुणी बोटांनी ओढत नाही. ती गळ्यावर पेलायची आणि चालताना ऐकायची. म्हणून इथे वजन बघायचं आणि आवाज. आणि बघा, मोजायची वस्तू तर हीच होती! भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लीलावतीत नाण्यांचं कोष्टक दिलं ते कवडीपासूनच सुरू होतं. 20 कवड्यांची 1 काकिणी, 4 काकिणींचा 1 पण, 16 पणांचा 1 द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला 1280 कवड्या. बाजारात जिच्यावर हिशेब चालला, ती देवीच्या दारी आली आणि तिला मोजणं सुटलं. मला या माळेचं सर्वांत जास्त अप्रूप वाटतं ते याचंच.

ऊन कलतं. म्हातारी सुती दोऱ्याला पीळ घालते, हळदीच्या पाण्यातून काढते, पुन्हा पीळ. दहा-बारा कवड्या ओवल्या की खालून मुठीनं दाबते, मग पुढच्या. तुम्ही निवडून द्यायच्या, तिनं ओवायच्या. मोठ्या मधे, मानेकडे लहान होत जाणाऱ्या, नाहीतर मान सोलवटते. शेजारच्या चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज येतो आणि तुम्हाला एकदम भूक आठवते. ती न विचारताच तुमच्या हातावर अर्धी भाकरी आणि लसणाचा ठेचा ठेवते. हळदीच्या हातांनीच खा.

पैसे द्यायची वेळ येते. तुम्ही सोलापूरहून आलात, म्हणजे तुमच्याकडे इंग्रजी कलदार. इथे चलन निजामाचं, हाली. कलदार वरचढ, म्हणून ती खूश होते, तरीही नाणं दगडावर वाजवून बघते, मघाशी कवडी वाजवली तसंच. मग मोड म्हणून हालीची चिल्लर आणि वर दोन सुट्या कवड्या तुमच्या ओंजळीत टाकते. "दोरा तुटला तर लागतील. आन् माळ भुईवर टेकवायची नाही बघ."

रात्रभर माळ तुमच्या उशाशी खुंटीला. पहाटे अंधारातच गर्दी पायऱ्या उतरते. कल्लोळ तीर्थात डुबकी मारा, पाणी असं गार की श्वास अडकतो. गोमुखाखाली हात-पाय धुवा आणि ओलेत्यानंच रांगेत घुसा. पुढच्याचं कोपर तुमच्या बरगडीत, मागच्याची दाढी तुमच्या मानेवर, वर पोतांचा धूर. देवी सिंहासनावर बसली आहे! डोळे भरून बघायला दोन श्वास मिळतात. पुजारी माळ ओढून घेतो, पायाला लावतो, कुंकवानं माखून परत देतो. घाला गळ्यात.

जड आहे, नाही का? मान आपोआप ताठ होते. रेटारेटीत तुमच्या कवड्या शेजाऱ्याच्या कवड्यांवर आपटतात, त्याच्या पुढच्याच्या, आणि दाराशी येईपर्यंत कानांत नुसता तोच खडखडाट. आता परडी हातात घ्या, भंडाऱ्याची चिमूट कपाळाला लावा. पाच घरचा जोगवा मागायचा आहे आणि चढावरचं पहिलं दार उघडंच आहे. आत बाई सुपात ज्वारी पाखडते आहे. लाजू नका, मोठ्यानं हाक घाला.