छायाचित्रण, हौशी : दीपगृहे, लोहमार्ग व नित्याच्या वस्तू

अर्थार्जनाचा हेतू न ठेवता, स्वतःच्या आवडीने व खर्चाने केलेले छायाचित्रण. दीपगृहे, आगगाड्या व घरगुती वस्तू हे हौशी छायाचित्रकारांचे आवडते विषय होत. व्यावसायिकाला ज्या चित्रांसाठी गिऱ्हाईक मिळत नाही, अशी चित्रे बहुधा हौशी माणूसच घेतो. त्यामुळे सामान्य जीवनाच्या इतिहासाची बरीच साधने त्याच्याकडून निर्माण झाली आहेत.

इतिहास : कागदी व्यस्त प्रतीची पद्धत शोधणारा इंग्रज संशोधक टॅल्बट हा स्वतःच एक हौशी छायाचित्रकार होता. द पेन्सिल ऑफ नेचर (१८४४–४६) या त्याच्या ग्रंथात फडताळावरील चिनी मातीची भांडी, काचसामान, केरसुणी व गवताची गंजी यांची चित्रे आहेत. भांडी चोरीस गेल्यास त्यांचे चित्र पुराव्यास उपयोगी पडेल, असे त्याने सुचविले होते. साध्या वस्तूच्या चित्राचे दस्तऐवज म्हणून असलेले मोल येथे प्रथमच स्पष्ट झाले.

मुंबईत १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. भारतातील अशा संस्थांमध्ये ती पहिली मानली जाते. यूरोपीय अधिकाऱ्यांबरोबर एतद्देशीय सभासदही तीत होते. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांपैकी प्रमुख होत. हे कुटुंब वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस असलेल्या पेडणे भागातील होते. नारायण दाजी हे व्यवसायाने वैद्य. त्यांनी मुंबईतील विविध लोकांची चित्रे घेतली. याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे वर्ग निघाले. जॉन्सन व हेंडरसन यांचे द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक ॲल्बम हे मासिक प्रकाशन १८५६ मध्ये सुरू झाले.

लोहमार्ग : मुंबई-ठाणे लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. भोर घाटातील मार्गाचे काम १८६३ मध्ये पुरे झाले. या कामाचा ठेका पतीच्या निधनानंतर सांभाळणाऱ्या ॲलिस ट्रेडवेल यांची समजली जाणारी घाटातील चित्रे प्रसिद्ध आहेत. या काळातील चित्रांत पूल, बोगदे व कामगार दिसतात, परंतु धावती गाडी आढळत नाही. कलोडियनच्या ओल्या काचेस काही सेकंदांचे उद्‌भासन लागे, हे त्याचे कारण होय. १८८० नंतर शीघ्रग्राही कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या, तेव्हा गतिमान एंजिन चित्रात पकडता आले. हौशी लोकांचे लक्ष पुढे लहान मापांच्या मार्गांकडेही वळले. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी मार्ग (१८९७) कालांतराने रुंदमापी झाला. वाफेची एंजिनेही बहुतेक ठिकाणी सेवेतून गेली. त्या काळातील चालक, कोळसेवाले व लहान स्थानके यांचे रूप जाणून घेण्यास प्रवाशांनी सहज घेतलेली चित्रे उपयोगी पडतात.

दीपगृहे : कोकण किनाऱ्यावरील दीपगृहांपैकी खांदेरी (१८६७) व मुंबईचे प्राँग्ज (१८७५) ही जुनी दीपगृहे होत. वेंगुर्ल्याच्या समोर, समुद्रात सु. १५ किमी. अंतरावर ‘वेंगुर्ला रॉक्स’ हा खडकाळ बेटांचा समूह असून तेथेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दीपगृह आहे. बेटांवरील गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे तेथे जाणे दुष्कर असते. हलत्या होडीत तिवई निरुपयोगी ठरते. उद्‌भासनकाल अत्यल्प ठेवावा लागतो. पांढरा मनोरा उजळ आकाशात लोपू नये म्हणून कृष्णधवल फिल्मवर पिवळा किंवा नारिंगी गालक वापरीत. त्यामुळे निळे आकाश गडद येते. कॅमेरा वर कलता धरल्यास मनोऱ्याच्या कडा वर निमुळत्या होत जातात. याउलट, संध्याकाळी जमिनीवरून दीर्घ उद्‌भासन दिल्यास फिरत्या झोताचा पंखा उमटतो.

वेंगुर्ले हे डचांच्या वखारीमुळे सतराव्या शतकापासून ख्यात असलेले बंदर. आगबोटी खोल पाण्यात उभ्या राहत आणि उतारू पडावांतून किनाऱ्यावर येत. ती वाहतूक आता इतिहासजमा झाली आहे. कोकण रेल्वेचा सु. ७४० किमी. लांबीचा मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण खुला झाला. मात्र तो वेंगुर्ल्यास न येता कुडाळ व सावंतवाडीवरून जातो. म्हणून गेल्या पिढ्यांची बंदरावरील ये-जा दाखविणारे घरगुती चित्र, ते कितीही अस्पष्ट असले, तरी मोलाचे ठरते.

साधने व प्रसार : कोडॅक कॅमेरा (१८८८) व स्वस्त ब्राउनी (१९००) यांमुळे रसायनांचे ज्ञान नसलेल्यासही चित्र घेता येऊ लागले. मुंबईत १९३० नंतर हौशी मंडळे वाढली. ‘फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी’ ही अखिल भारतीय संघटना १९५३ मध्ये स्थापन झाली. वडोदऱ्यास तयार होणारा ‘क्लिक-३’ हा कॅमेरा अनेक मध्यमवर्गीय मराठी घरांत पोहोचला. त्यात एका फिल्मवर बारा चौरस चित्रे येत. चित्रांची संख्या मोजकी असल्याने लग्नकार्ये व सहली यांस अग्रक्रम मिळे. कंदील, पाटा-वरवंटा, रोवळी, सुकती घातलेली जाळी यांची चित्रे त्यामुळे विरळा. ती पुष्कळदा माणसांच्या मागे योगायोगाने आलेली असतात. अंकीय कॅमेऱ्याने ही काटकसर संपविली.

जतन : किनाऱ्यावरील दमट व खारट हवेत फिल्मवरील जिलेटिनास बुरशी लागते, चांदीची प्रतिमा फिकी पडते व चिकटलेल्या प्रती सुट्या करताना फाटतात. यापेक्षाही मोठी हानी नोंदीच्या अभावामुळे होते. स्थळ, काळ व व्यक्ती सांगणारे वडीलधारे गेले, की पेटीतील चित्र अनोळखी होते आणि पुढील पिढी ते टाकून देते. व्यस्त प्रती कोरड्या जागी, आम्लरहित कागदात ठेवणे, त्यांच्या अंकीय प्रती करणे आणि स्थळ, वर्ष व कॅमेऱ्याची दिशा यांची नोंद करणे, हे उपाय कोणत्याही कुटुंबास करता येण्यासारखे आहेत.