उंचीचा शोध आणि हाडांचें वय

शाळेच्या रांगेंत एखादा मुलगा वर्षानुवर्षें सर्वांच्या पुढें उभा राहतो, भिंतीवरील त्याच्या उंचीची रेघ हालत नाहीं, आणि आईबापांच्या जिवास घोर लागतो. अशा मुलांस वैद्यकानें कोणता आधार दिला व त्याची किंमत कोणास मोजावी लागली, ही विसाव्या शतकांतील मोठी विचार करण्याजोगी हकीकत आहे.

मेंदूच्या तळाशीं पिट्यूटरी नांवाची वाटाण्याएवढी ग्रंथि असते. १९२१ सालीं कॅलिफोर्नियांत हर्बर्ट इव्हान्स व जोसेफ लाँग यांनीं गुरांच्या या ग्रंथीचा अर्क उंदरांस टोचला. ते उंदीर अवाढव्य झाले. १९४४ मध्यें इव्हान्स व चो हाओ ली यांनीं गुरांच्या ग्रंथींतून वाढीचा अंतःस्राव शुद्ध स्वरूपांत वेगळा केला. परंतु मनुष्याच्या मुलांवर तो निष्फळ ठरला. मनुष्याच्या ग्रंथींतील अंतःस्राव ली यांनीं १९५६ मध्यें वेगळा केला. आणि ग्रंथिदोषानें खुजा राहिलेला एक सतरा वर्षांचा मुलगा अशाच औषधानें वाढूं लागल्याचें बोस्टनच्या मॉरिस रेबेन यांनीं १९५८ मध्यें प्रसिद्ध केलें.

सतराव्या वर्षीं उंची वाढावी कशी? याचें उत्तर हाडांत आहे. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा पातळ थर असतो. तेथें नव्या पेशी उपजतात, जुन्यांच्या जागीं हाड बनतें, आणि हाड लांबत जातें. मूल वयांत आलें म्हणजे ईस्ट्रोजेन हा अंतःस्राव, जो मुलग्यांतही असतो, हा थर पक्व करून बुजवितो. एकदां तो बुजला कीं कोणत्याही औषधानें उंची वाढत नाहीं.

ही पक्वता क्ष-किरणांनीं काढलेल्या डाव्या हाताच्या व मनगटाच्या चित्रांत दिसते. ग्रूलिख आणि पाइल यांनीं १९५० मध्यें अशा चित्रांचा वयवार संग्रह छापला, आणि तो जगभर प्रमाण मानला गेला. ज्या मुलांत वाढीचा अंतःस्राव उणा असतो, त्यांच्या हाडांचें वय जन्मतिथीच्या वयामागें रेंगाळतें. वरवर हें वैगुण्य दिसतें. पण वाढीस अवधि उरला आहे, अशी ग्वाहीही तेंच देतें.

औषध मात्र मृतांच्या ग्रंथींतूनच मिळे, आणि एका मुलासाठीं अनेक ग्रंथी लागत. अमेरिकेंत १९६३ मध्यें या कामासाठीं राष्ट्रीय पिट्यूटरी संस्था निघाली. १९८५ पर्यंत या योजनेंतून सुमारें ७,७०० जणांस औषध मिळालें. मग घात झाला. लहानपणीं तें टोचून घेतलेले कांहीं तरुण मेंदू पोखरणाऱ्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगानें दगावल्याचें १९८५ मध्यें उघड झालें. एखाद्या मृताच्या ग्रंथींतील दोष अनेक ग्रंथींच्या एकत्र अर्कांत मिसळला होता. टोचणी आणि रोगाची पहिली खूण यांत कित्येकदां दशकें लोटत. एकट्या फ्रान्समध्यें शंभरांहून अधिक जण बळी पडले. ज्या आईबापांनीं मुलाच्या कल्याणासाठींच औषध मिळविलें, त्यांच्या दुःखास सीमा राहिली नाहीं.

अमेरिकेंतील वांटप एप्रिल १९८५ मध्यें थांबलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, जीवाणूंकडून बनविलेल्या अंतःस्रावास तेथें मान्यता मिळाली. त्यांत मृतदेहाचा संबंध उरला नाहीं, आणि तुटवडाही सरला.

तुटवडा सरतांच नवा प्रश्न उभा राहिला. २००३ मध्यें अमेरिकेनें, अंतःस्रावाची उणीव नसतांही फार बुटक्या राहिलेल्या मुलांसाठीं हें औषध मान्य केलें. अशा मुलांस वर्षानुवर्षें टोचण्या घेऊनही सरासरी कांहीं सेंटिमीटर उंचीच लाभते. म्हणून सुज्ञ वैद्य औषधाआधीं हाताचें चित्र पाहतो. मुलाची वाढ किती उरली, हें आईबापांची उत्कंठा ठरवीत नाहीं. तें हाडांतील त्या पातळ थरावर अवलंबून असतें.