बार्शी लाइटचं मॉडेल पंढरपुरात का नको?

मंडळी, पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. 1998 पासून सुरू आहे. पोरं काचेला नाक लावून उभी राहतात. पण त्यात आपली गाडी कुठंय?

आपली म्हणजे बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं 1897 ला बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाइन सुरू केली. 1906 ला गाडी पंढरपुरात आली. रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट. त्याची खरी अक्कल वजनात होती. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, मग हलके रूळ चालतात, खर्च वाचतो. याच माणसानं पुढं इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड लाइन बांधली. ती 1934 लाच बंद पडली, पण तिकडचे हौशी लोक आजही तिची मॉडेलं करतात!

आपल्याकडं करायचं तर हिशेब सोपा आहे. 87 पटीनं लहान केलं की अडीच फुटाचे जेमतेम 9 मिलिमीटर होतात, आणि त्या मापाचे रूळ तयार मिळतात. अडचण लांबीची. कुर्डुवाडी ते पंढरपूर तेवढंच लहान केलं तरी पाचशे मीटरच्या वर जातं. म्हणून एकच जागा निवडावी. माझं मत, आषाढीचं पंढरपूर स्टेशन.

ब्रॉडगेज झाल्यावर जुनं बरंच गेलं. करकंब, मोडनिंब, आष्टी भागात कुणाच्या घरी जुने फोटो, तिकिटं, कंदील असतील तर फोटो काढून कमेंटमध्ये टाका. त्या गाडीत काम केलेले आजोबा घरात असतील, तर आधी त्यांच्याजवळ बसा. डब्यांचा रंग कोणता होता, हे तेच सांगतील.