पाब्लो कासाल्स : तिघांतला एक

पाब्लो कासाल्सचे नाव निघाले की पाठोपाठ बाख येतो. १८९० साली बार्सिलोनातल्या जुन्या स्वरलिप्यांच्या एका दुकानात तेरा वर्षांच्या मुलाला बाखचे चेलोसाठीचे सहा सुइट सापडतात; वडील त्याच दिवसांत त्याला पहिला पूर्ण आकाराचा चेलो घेऊन देतात; मुलगा बारा वर्षे त्यांचा घरात अभ्यास करतो आणि मगच जाहीरपणे वाजवायला धजावतो. पुढे १९३६ ते १९३९ या काळात तो या सुइटांचे ध्वनिमुद्रण करतो, आणि तोवर केवळ बोटांच्या कसरतीचे धडे मानले गेलेले हे संगीत जगभर पोचते. ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिची आता पोथी झाली आहे.

या पोथीतला कासाल्स एकटा आहे. एक माणूस, एक वाद्य, समोर बाख. त्याच्या राजकीय भूमिकेची हकीकतही अशीच एकट्याची सांगितली जाते : फ्रँकोच्या स्पेनशी वैर धरून पिरिनीज पर्वताच्या पायथ्याशी मौन पत्करून बसलेला म्हातारा. दोन्ही चित्रे खोटी नाहीत. पण कासाल्सच्या आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्यांबरोबर वाजवण्यात गेला, आणि त्याच्यापुढचा सर्वांत अवघड नैतिक प्रश्न उभा राहिला तो फ्रँकोमुळे नव्हे, तर शेजारी बसून पियानो वाजवणाऱ्या मित्रामुळे. त्या बाजूने पाहिले तर हा माणूस थोडा वेगळा दिसतो.

चेलो आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी तो आणला, आणि अनेक गाण्यांच्या तळाशी तो आपण नकळत ऐकलेला असतो. ‘तळाशी’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला. कासाल्सच्या बालपणी युरोपातही चेलोची मुख्य जागा तळाशीच होती. शिकवणारे विद्यार्थ्याच्या उजव्या काखेत पुस्तक धरायला लावत, म्हणजे कोपर अंगाला चिकटून राहावे. डावा हात ताठ ठेवून पट्टीवर वरखाली सरकवत. कासाल्सने बार्सिलोनाच्या संगीतशाळेत असतानाच हात मोकळा सोडला आणि डाव्या हाताची बोटे ताणून दूरचे स्वर हात न सरकवता घ्यायला सुरुवात केली. आज हे साधे वाटेल. पण त्यामुळे स्वरास्वरांमधली ती नकोशी घसरण गेली, आणि गायकाने शब्द उच्चारावेत तशी वाक्ये चेलोवर उच्चारता येऊ लागली.

आता चेंबर म्युझिकविषयी थोडे. मुळात हे दिवाणखान्यातले संगीत : तीन, चार, पाच वादक, प्रत्येकाकडे स्वतःचा स्वतंत्र भाग, आणि समोर काठी घेऊन उभा राहणारा संचालक नाही. (‘त्रिकूट’ आणि ‘चौकडी’ या आपल्या शब्दांना थट्टेची छटा असल्यामुळे ट्रिओ आणि क्वार्टेट हेच शब्द ठेवतो.) आपल्या मैफलीत मुख्य कलाकार आणि साथीदार यांचे नाते ठरलेले असते, तबलजी कितीही थोर असला तरी गायकाच्या मागे उभे राहणे हा त्याचा धर्म. ट्रिओत तसे नाही. आठ मात्रांपूर्वी जो पुढे होता तो आता मागे जातो, आणि हे मागेपुढे होणे सांगायला कोणी नसते. श्वासावरून, धनुच्या हालचालीवरून ते कळावे लागते. तिथे नेतृत्व करायचे म्हणजे दुसऱ्याला केव्हा जागा द्यायची हे ओळखायचे. चेलोवादकाकडे बहुधा सर्वांत खालचा स्वर असतो, म्हणजे इमारतीचा पाया. तो जरा जोरात दाबला तरी सगळ्यांची चाल बदलते.

१९०५च्या सुमारास पॅरिसमध्ये तीन तरुण एकत्र आले : पियानोवर आल्फ्रेद कोर्तो, व्हायोलिनवर जाक तिबो आणि चेलोवर कासाल्स. तिघेही तिशीच्या आतले, आणि तिघेही एकल वादक म्हणून नावारूपाला येत असलेले. यातच या ट्रिओचे वैशिष्ट्य आहे. कायमचा गट म्हणून एकत्र राहणारे ते नव्हते. वर्षातले काही आठवडे भेटत, वाजवत आणि आपापल्या दौऱ्यांवर निघून जात. असे पाहुण्यांसारखे एकत्र येणारे वादक सहसा एकमेकांशी सभ्यपणे वागतात आणि संगीत कोरडे राहते. इथे तसे झाले नाही, याचा पुरावा आपल्या हाती आहे. १९२६ ते १९२८ या काळात त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले शूबर्टचे बी फ्लॅट ट्रिओ, मेंडेल्सन आणि शूमानचे डी मायनर ट्रिओ आणि बीथोवनचे ‘आर्चड्यूक’ आजही विकत मिळतात. तबकडीच्या एका बाजूवर चारेक मिनिटे मावत, चूक झाली तर ती बाजू पुन्हा पहिल्यापासून. चिकटवाचिकटवीची सोय नव्हती. त्यामुळे अधूनमधून कोर्तोचे चुकलेले स्वर तसेच राहिले आहेत. (कोर्तोच्या चुका हा त्याच्या चाहत्यांत लाडाचा विषय आहे.) तिबोची नजाकत, कोर्तोची लहर, आणि खाली कासाल्सची ठाम चाल. तीन स्वभाव एकमेकांत विरघळत नाहीत, तरी वाक्य एकच होते.

याच काळात कासाल्स बार्सिलोनात दुसरे काम उभारत होता. १९२० साली त्याने स्वतःचा वाद्यवृंद स्थापन केला आणि दौऱ्यांवर मिळवलेला पैसा त्यात ओतला. १९२६ पासून कामगारांसाठी एक संगीतसभा सुरू झाली. तिच्या सभासदांना हा वाद्यवृंद अगदी थोड्या वर्गणीत ऐकता येई. १९२९ साली या वाद्यवृंदासह ब्राम्सच्या दुहेरी कन्चेर्तोचे ध्वनिमुद्रण झाले. व्हायोलिनवर तिबो, चेलोवर कासाल्स आणि संचालन कोर्तोचे. स्वतःच्या पोटाला चिमटा काढून उभारलेला वाद्यवृंद ज्या मित्राच्या हाती विश्वासाने दिला, तो हा मित्र.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रिओ थांबला. भांडण असे काही झाले नाही. तिघांचे रस्ते वेगळे होत गेले. कासाल्सने हिटलर आल्यावर जर्मनीत वाजवणे बंद केले, मग मुसोलिनीच्या इटलीतही. जुलै १९३६ मध्ये तो बार्सिलोनात बीथोवनच्या नवव्या सिंफनीची तालीम घेत असताना लष्करी बंडाची बातमी आली. त्याच्या सांगण्याप्रमाणे वादकांनी आणि गायकांनी शेवटचा भाग पुरा केला आणि मगच ते घरोघर पांगले. १९३९ मध्ये प्रजासत्ताकाचा पाडाव झाल्यावर तो सीमेपलीकडच्या प्राद या फ्रेंच गावात आला, आणि तिथल्या छावण्यांत कोंबलेल्या स्पॅनिश निर्वासितांसाठी पत्रे लिहिणे, पैसे व कपडे गोळा करणे हेच त्याचे मुख्य काम झाले.

त्याच वर्षांत कोर्तोने उलटी वाट धरली. तो व्हिशी सरकारच्या कलाविषयक कारभारात शिरला, पेताँच्या राष्ट्रीय परिषदेचा सदस्य झाला आणि १९४२ मध्ये जर्मनीत जाऊन कार्यक्रम करून आला. हे केवळ संधिसाधूपणाने झाले असे म्हणणे मला सोपे वाटते. कोर्तोने तरुणपणी बायरॉइटमध्ये काम केले होते, १९०२ मध्ये वाग्नरच्या ‘ग्योटरडेमरुंग’चा पॅरिसमधला प्रयोग त्याने संचालित केला होता, १९१९ मध्ये त्याने संगीताची एक मोठी शाळा उभी केली होती. जर्मन संस्कृतीची ओढ आणि संस्था चालवणाऱ्या माणसाची सत्तेजवळ राहण्याची सवय, या दोहोंचे मिश्रण घातक ठरते. सबब म्हणून मी हे सांगत नाही. त्या काळात पॅरिसमधून रेल्वेगाड्या भरून ज्यू नागरिक पूर्वेकडे पाठवले जात होते, आणि सरकारी पदावरच्या माणसाला काही दिसले नाही असे मानणे कठीण आहे.

युद्धानंतर कोर्तोवर वर्षभराची बंदी आली. १९४७ मध्ये पॅरिसमध्ये वाद्यवृंदाने त्याला साथ द्यायला नकार दिला आणि श्रोत्यांनी आरडाओरडा केला. त्याआधीच तो प्रादला जाऊन कासाल्सला भेटला होता. या भेटीची हकीकत आपल्याला मिळते ती कासाल्सने म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींतून. तिच्यानुसार कोर्तोने काहीही न लपवता आपण जर्मनांशी सहकार्य केल्याची कबुली दिली, आणि कासाल्सने त्याला माफ केले. ही एका बाजूची साक्ष आहे आणि ती दिली गेली तेव्हा कोर्तो हयात नव्हता, हे ध्यानात ठेवलेले बरे. थोर पुरुषांच्या आठवणींत प्रसंग जरा जास्तच सुबक होतात.

खुद्द कासाल्स मात्र त्या वेळी दुसऱ्याच निर्णयाकडे निघाला होता. १९४५ मध्ये तो इंग्लंडमध्ये वाजवायला गेला. लोकांनी डोक्यावर घेतले. पण विजयी राष्ट्रे फ्रँकोला हात लावणार नाहीत हे कळल्यावर त्याने ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदव्या नाकारल्या, कार्यक्रम रद्द केले आणि प्रादला परतून वाद्य जाहीरपणे वाजवणे थांबवले.

हे मौन मोडले ते चेंबर म्युझिकच्या माणसाने. बुडापेस्ट क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन वाजवणारा अलेक्झांडर श्नायडर १९४४ मध्ये त्या गटातून बाहेर पडला होता आणि कासाल्सकडे बाख शिकायला प्रादला येत असे. अमेरिकेत चला म्हटले तर कासाल्स नाही म्हणाला. मग तुम्ही येत नसाल तर आम्ही येतो, असे ठरले. बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षे होत असताना, जून १९५० मध्ये, प्रादच्या चर्चमध्ये महोत्सव भरला. रुडॉल्फ सर्किन, क्लारा हास्किल, जोझेफ सिगेती, आयझॅक स्टर्न असे वादक त्या लहानशा गावात आले. चर्चमध्ये टाळ्या वाजवायला बंदी होती. सुरुवातीला कासाल्सने एकट्याने पहिला सुइट वाजवला.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो १९५२चा महोत्सव. त्या वर्षी स्टर्न, श्नायडर, मिल्टन केटिम्स आणि पॉल तोर्तेलिए यांच्याबरोबर कासाल्सने शूबर्टचे सी मेजर क्विंटेट ध्वनिमुद्रित केले. त्यात दोन चेलो आहेत. दुसरा, म्हणजे पायाचा, तोर्तेलिएकडे. कासाल्सच्या धनुच्या आवाजाबरोबर त्याचे गुणगुणणे, कण्हणेही त्यात ऐकू येते. काही समीक्षकांना हे ध्वनिमुद्रण ओबडधोबड वाटते, आणि ते आहेच. पण दुसऱ्या भागात वादक एकमेकांची वाट पाहताना जाणवतात, आणि असे अन्यत्र मी फारसे ऐकलेले नाही.

१ सप्टेंबर १९५३ रोजी आल्प्समध्ये झालेल्या विमान अपघातात तिबो गेला. ट्रिओ आता पुन्हा होणे शक्यच नव्हते. १९५८च्या उन्हाळ्यात प्रादला महोत्सव होता, आणि ऐंशी वर्षांचा कोर्तो तिथे आला. एक्क्याऐंशी वर्षांच्या कासाल्सबरोबर त्याने बीथोवन वाजवला. बोटे थकलेली होती. कोर्तोचा हा शेवटचा जाहीर कार्यक्रम मानला जातो.

या भेटीवर तेव्हाही टीका करता आली असती आणि आजही करता येते. ज्या माणसाने फ्रँकोला मान्यता देणाऱ्या देशांत वाजवायला नकार दिला, त्याने पेताँच्या माणसाशेजारी बसावे? माझे मत असे की कासाल्सचा बहिष्कार राज्यांवर होता, माणसांवर नव्हता, आणि कबुली दिलेल्या माणसाला तो वेगळा मोजत असे. पण यात एक अडचण उरते. कोर्तोने ज्यांचे वाईट होऊ दिले त्यांच्या वतीने माफी देण्याचा अधिकार कासाल्सला नव्हता. त्याने आपल्यापुरती दिली. एवढेच त्याच्या हातात होते, आणि ते त्याला कळत असावे. कारण कोर्तोची बाजू घेऊन तो जाहीरपणे भांडायला कधी उतरला नाही.

म्हातारपणी त्याचा निश्चय सैल होत गेला हेही खरे. १९५८ मध्येच तो बॉनला बीथोवनच्या घरात वाजवून आला. १९५६ पासून तो पोर्तो रिकोत राहू लागला होता. पुढल्या वर्षी तिथल्या पहिल्या महोत्सवाच्या तालमीत त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि श्नायडरने तो महोत्सव निभावला. १३ नोव्हेंबर १९६१ रोजी त्याने केनेडींच्या व्हाइट हाउसमध्ये वाजवले, आणि अमेरिकेचे फ्रँकोशी संबंध तेव्हाही चांगलेच होते. कार्यक्रमात मेंडेल्सनचे डी मायनर ट्रिओ होते : व्हायोलिनवर श्नायडर, पियानोवर होर्शोव्स्की. हीच रचना चौतीस वर्षांपूर्वी तिबो आणि कोर्तोबरोबर तबकडीवर उतरली होती.

१९६० पासून मृत्यूच्या वर्षापर्यंत तो अमेरिकेतल्या मार्लबरोला जात राहिला. सर्किनच्या या उन्हाळी उपक्रमात प्रख्यात वादक आणि विशीतली मुले एकाच क्वार्टेटमध्ये बसतात, आणि मुलांनाही मत असते. २२ ऑक्टोबर १९७३ रोजी सान हुआनमध्ये कासाल्स गेला. फ्रँको त्याच्यानंतर दोन वर्षे जगला. १९७९ मध्ये कासाल्सच्या अस्थी कातालोनियात, एल वेन्द्रेल या त्याच्या जन्मगावी आणल्या गेल्या.

ज्यांनी हे काहीच ऐकलेले नाही त्यांनी सुइटांपासून सुरुवात करू नये, असे मी सुचवीन. आधी १९२६चे शूबर्ट ट्रिओ ऐकावे. त्याच्या दुसऱ्या भागात सुरुवातीची धून पियानोच्या साथीवर चेलो एकटा मांडतो, मग व्हायोलिन ती उचलते, आणि चेलो बाजूला सरतो.