प्लॅटिनमची उधारी

1965 साली मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवरचा परिणाम तपासत होते. जिवाणू लांबत, पण त्यांचं विभाजन थांबे. करामत विजेची नव्हती. इलेक्ट्रोडमधल्या प्लॅटिनमची होती! त्यातूनच सिस्प्लॅटिन हे औषध पुढे आलं.

कर्करोगाच्या गाठींवर ते चाललं, मूत्रपिंडांवर मात्र उलटलं. भरपूर सलाइन आणि मॅनिटॉल देऊन लघवी वाढवायची युक्ती 1970च्या दशकात सापडली. 1978 मध्ये औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

मुलांच्या बाबतीत हिशेब लांबला. कर्करोग बरा झाल्यावरही काहींच्या लघवीतून मॅग्नेशियम वर्षानुवर्षं जात राहतं. आयफॉस्फमाइड या कर्करोगावरच्या दुसऱ्या औषधाची तऱ्हा आणखी वेगळी. सोबत दिलेलं मेस्ना मूत्राशय सांभाळतं, पण मूत्रपिंडातल्या नलिका उघड्याच राहतात. मग फॉस्फेट वाहून जातं आणि ट्यूमरपासून वाचलेल्या पोराला चक्क मुडदूस गाठतो.