आईचं माहेरचं नाव काय?

२०१९ ची गोष्ट. न्यू जर्सीत भाचीचे कॉलेजचे अर्ज भरणं चालू होतं. भाऊजींनी तिला बजावलं होतं : वंशाचा रकाना कोरा सोड, आणि निबंधात भरतनाट्यमचं नाव काढू नकोस. आशियाई मुलांना मुद्दाम डावलतात, अशी तिकडच्या आपल्या बऱ्याच मंडळींची खात्री. पोरीने दहा वर्षं घुंगरू बांधले आणि निबंध लिहिला वादविवाद स्पर्धेवर. ताई फोनवर हे सांगताना रडली.

त्याच सुमारास मी हार्वर्डच्या एका जुन्या फॉर्मबद्दल वाचलं. तिथे १९०० साली ज्यू विद्यार्थी ७ टक्के होते, १९२२ पर्यंत २१ च्या वर गेले. बरीचशी पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांची मुलं, अभ्यासात पुढे. अध्यक्ष लॉवेल यांनी सरळ १५ टक्क्यांची मर्यादा सुचवली. बोभाटा झाला, १९२३ मध्ये प्राध्यापकांच्या समितीने ती फेटाळली. पण फॉर्म त्याआधीच बदलला होता. वंश आणि वर्ण कोणता? आईचं माहेरचं नाव काय? वडील कुठे जन्मले? तुमच्या किंवा वडिलांच्या नावात जन्मापासून काही बदल केला आहे का? आपल्याकडे गोड आवाजात "आडनाव काय म्हणालात?" विचारतात ना, तेच, फक्त छापील! १९२६ पासून गुणांपेक्षा 'चारित्र्या'वर भर आला, फोटोही जोडायचा. ज्यूंचा आकडा लॉवेलना हवा तिथे येऊन बसला, आणि कोटा हा शब्दही वापरावा लागला नाही.

पुढे तर कमालच झाली. कॅलिफोर्नियातल्या एका मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी ठेवल्या होत्या. १९७८ मध्ये बाकी खटल्यात (बाकी हे फिर्यादीचं आडनाव) सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या. पण सगळ्या बाजूंनी विद्यार्थी पारखताना वंशाचाही विचार करता येईल, असं म्हणून न्यायमूर्ती पॉवेल यांनी नमुना दाखवला तो हार्वर्डचाच. बाहेर ठेवायला केलेली चाळणी आता आत घ्यायला! आणि २०१४ च्या खटल्यात आशियाई मुलांचं गाऱ्हाणं काय, तर 'व्यक्तिमत्त्वा'चे गुण आम्हाला कमी मिळतात. म्हणजे पुन्हा चारित्र्यच.

२९ जून २०२३ ला निकाल लागला, वंश पाहून प्रवेश देणं बंद. भाऊजी १९९० साली मंडलविरोधी मोर्चात होते. त्यांचा फोन आला, "आता फक्त मेरिट!" मी म्हटलं, याच खटल्यातल्या आकड्यांवरून काढलेला हिशेब आहे की हार्वर्डने घेतलेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त मुलं खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची, देणगीदारांची नाहीतर तिथल्याच प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची होती. त्यांचं काय?

"ते वेगळं," म्हणाले.

असो. निबंधात स्वतःचा अनुभव लिहायला न्यायालयाने मोकळीक ठेवली आहे. यंदा धाकट्या भाच्याचे अर्ज आहेत. भाऊजींनी त्याला सांगितलंय, ढोलपथकाबद्दल लिही.